बर्फातली पहिली अंघोळ

“बाबा, शनिवारी आपल्याला अंघोळीला जायचे आहे बरे का!”

गुरुवारी रात्री जेवताना चिरंजीवांनी ही वार्ता दिली आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. अंघोळीला जायचे? आणि तेही दोन दिवस आधी ठरवून? मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचा माणूस. पैनगंगेच्या काठी चौतीस वर्षे मास्तरकी केली. अंघोळ म्हणजे सकाळी चहाच्या आधी उरकून टाकायची बाब, एवढेच मला ठाऊक. माणसे लग्नाला जातात, बाजाराला जातात, फार तर कुंभमेळ्याला जातात; पण नुसते अंग धुवायला मोटार काढून परगावी जातात, हे सत्तरी ओलांडल्यावर मी प्रथमच ऐकत होतो.

“घरातल्या नळाला काय झाले?” मी विचारले.

“नळ ठीक आहे. ही साउनाची अंघोळ,” मुलगा म्हणाला.

खरा मुद्दा मात्र सहा वर्षांच्या नातीने सांगितला. “आजोबा, साउनात भांडायचे नसते. मोठ्याने बोलायचेसुद्धा नसते!”

अशी अंघोळ असेल तर तिच्यासाठी मोटार काढायला हरकत नाही, असे मला वाटून गेले. कारण, आता सांगूनच टाकतो, मुलात आणि माझ्यात भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते. दर रविवारी फोनवर पाऊसपाणी होई, सोयाबीनचा भाव होई, नातीचा पडलेला दात होई. एक विषय मात्र पावणेचार वर्षे आम्ही दोघांनीही शिताफीने टाळला होता. त्याबद्दल पुढे येईलच.

ही गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. मुलगा फिनलंड देशात टाम्पेरे नावाच्या शहरी एंजिनियर आहे. शहर मोठे टुमदार. दोन सरोवरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर ते वसले आहे. वरच्या सरोवराचे पाणी सुमारे १८ मीटर खाली दुसऱ्या सरोवरात उतरते. त्या उसळत्या पाण्याच्या काठी १८२० साली जेम्स फिन्लेसन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने कारखाना काढला आणि पुढे त्याची कापसाची प्रचंड गिरणी झाली. माझे आजोळ खामगावचे. सरकी आणि रुईच्या गाठी बघत लहानाचा मोठा झालो. त्यामुळे गिरणीची ती लाल विटांची जुनी इमारत पाहून मला उगाचच आपल्या मुलखात आल्यासारखे वाटले.

बाकी मुलूख मात्र आपला नव्हे! सकाळी साडेनऊच्या सुमारास उजाडायचे आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्यनारायण घरी निघायचे. खिडकीबाहेर टांगलेल्या तापमापकात पारा उणे १८ वर. आमच्याकडे मार्गशीर्षात पारा आठ-दहावर उतरला की लोक कानाला मफलर गुंडाळून दारोदार शेकोट्या पेटवतात आणि “यंदा थंडीने कहर केला” म्हणून एकमेकांना सांगतात. इथे उणे अठरात बायका बाबागाडीतून पोरे फिरवत होत्या. रस्ते, झाडे, मोटारी, सगळ्यांवर पांढरे पिंजलेले कापूस घातल्यासारखे. आणि अशा हवेत म्हणे उघड्या अंगाने बाहेर पडायचे!

तर हा साउना. आपण ‘सॉना’ म्हणतो. पण तसे म्हटले की फिनिश माणूस हळूच दुरुस्ती करतो, “साउना”. त्याच्या भाषेतून जगभर गेलेला हा शब्द, तेव्हा त्याचा अभिमान रास्तच म्हणायचा. साउना म्हणजे लाकडी भिंतींची छोटी खोली. एका कोपऱ्यात दगडांनी भरलेली शेगडी, तिला ते ‘किउआस’ म्हणतात. आणि भिंतीलगत पायऱ्यांसारखी चढती बाके. शेगडी पेटवून दगड तापवायचे, खोली ऐंशी अंशांच्या वर न्यायची आणि आत जाऊन बसायचे. संपली कृती!

एवढ्याशा गोष्टीचे त्या देशात काय प्रस्थ आहे, ते ऐका. लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि साउना सुमारे ३३ लाख! आमच्या सबंध बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत माणसे मोजली गेली सुमारे २६ लाख. म्हणजे आमच्याकडे माणसे नाहीत इतक्या त्यांच्याकडे न्हाण्या! इमारतींतल्या पुष्कळ बिऱ्हाडांना स्वतःची साउना असते. नसेल तर तळघरात सगळ्यांची मिळून एक असते आणि प्रत्येक बिऱ्हाडाची आठवड्याची पाळी ठरलेली असते, आपल्या चाळीतल्या नळासारखी. फरक एवढाच की पाळीवरून कोणी बादल्या आपटत नाही. टाम्पेरेतच राजापोर्ती नावाची एक सार्वजनिक साउना आहे. ती १९०६ सालापासून चालू आहे आणि आजही लाकडावरच तापते. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या साउनासंस्कृतीची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. अंघोळीला एवढा मान!

मुलाच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचे सरोवराकाठी लाकडी घर आहे. शनिवारी आम्ही तिथे पोचलो. म्हातारबुवा ऐंशीचे, पण काठी नाही, कानटोपी नाही. दाराशी बर्च झाडाच्या फोडलेल्या लाकडांची रास शिस्तीत रचलेली. आमच्याकडे आंगणात पऱ्हाट्यांची गंजी रचतात तशी. दुपारपासून त्यांनी साउना पेटवून ठेवली होती. मला पाहून त्यांनी हात दिला, एक शब्द बोलले आणि लाकडे घालायला परत गेले. ‘माणूस जरा तुटक दिसतो,’ मी मनात म्हटले. पुढे कळले की त्यांच्या मानाने ते फार बोलले होते!

आता आली मुख्य पंचाईत. साउनात अंगावर काही ठेवायचे नाही, असा रिवाज. बायकांची पाळी वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि आत सगळे जन्मले तसे. “बाबा, इथे त्याचे कोणाला काही वाटत नाही,” मुलगा म्हणाला. “मला वाटते ना!” मी म्हटले आणि मुंजीपासूनचा सोबती असलेला पंचा नेसून आत शिरलो. म्हातारबुवांनी पंच्याकडे पाहिले, त्याचा काठ दोन बोटांत धरून पाहिला आणि मुलाला काही विचारले. मला वाटले, आता सोडायला सांगतात! पण त्यांना कापड आवडले होते. ‘इतके पातळ, आणि लगेच वाळत असेल,’ असे ते म्हणत होते. परत आल्यावर मी त्यांना दोन पंचे पाठवून दिले आहेत.

आत अंधारच होता. एका छोट्या खिडकीतून बर्फाचा निळसर उजेड येत होता तेवढाच. लाकडाचा आणि धुराचा गोड वास. आम्ही वरच्या बाकावर बसलो. उष्णता नेहमी वर चढते, म्हणून वरचे बाक तिखट आणि खालचे सौम्य. मी मास्तर, ऐंशी अंश म्हणजे काय हे मला पक्के ठाऊक. ऐंशी अंशांच्या पाण्यात बोट बुडवले तर फोड येतो. मग सबंध मास्तर उकडून कसा निघाला नाही? याचे उत्तर सोपे आहे. हवा पाण्यासारखी भराभर उष्णता देत नाही आणि कोरड्या हवेत घाम लगेच वाळून अंग गार राखतो. लाकूडही उष्णता सावकाश देते, म्हणून बाके लाकडाची. धातूचे काम मात्र वेगळे! मुलाने आधीच माझी अंगठी काढून ठेवायला लावली होती.

मग म्हातारबुवांनी लाकडी डावाने बादलीतले पाणी दगडांवर टाकले. ‘स्सSS’ असा आवाज झाला आणि क्षणभराने पाठीवरून, कानांवरून एक ऊन लाट सरकत गेली. इडलीपात्राचे झाकण काढताना मनगटाला जी वाफ लागते ना, तिची ही थोरली बहीण. वाफेचे अंगावर पाणी होते तेव्हा ती पोटातली सगळी उष्णता अंगाला देऊन टाकते, म्हणून पारा फारसा न हलताही ऊब एकदम वाढते. या वाफेला त्यांच्या भाषेत ‘ल्यौलू’ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ प्राण, जीव असा आहे. आणि त्याच कुळातल्या हंगेरियन भाषेत त्याच्या भावंडशब्दाचा अर्थ आजही ‘आत्मा’ असा होतो. दगडांतून निघालेला प्राण! शेगडीतले ते दगडही काळे, जड, पृथ्वीच्या पोटातल्या तप्त रसापासून घडलेले. आमच्या लोणारच्या काळ्या पाषाणाचे ते सख्खे नसले तरी चुलत भाऊ शोभले असते.

थोड्या वेळाने म्हातारबुवांनी कोमट पाण्यातून बर्चच्या पानांची जुडी काढली. उन्हाळ्यात पाने कोवळी असताना डहाळ्या तोडून बांधायच्या, वाळवून ठेवायच्या आणि हिवाळ्यात भिजवून त्यांनी अंगावर हलके हलके आपटायचे. पाठ लाल होते, आणि बाहेर बर्फ असताना आत आषाढातल्या रानाचा वास सुटतो. त्यांनी माझ्याही पाठीवर जुडी फिरवली. न बोलता, अगदी सहज. माझ्या पाठीवरून दुसऱ्याचा हात फिरला त्याला किती दिवस झाले होते, याचा मी हिशेब करू लागलो आणि मध्येच सोडून दिला.

“चला, बाहेर!” मुलगा म्हणाला.

दार उघडले. उणे अठरा! पण नवल सांगतो, थंडी लागलीच नाही. अंगातून वाफा निघत होत्या. तिघेही ताज्या भाकरीसारखे धुमसत होतो. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुललेल्या असतात, सगळे ऊन रक्त वर आलेले असते, त्यामुळे दोन-चार मिनिटे अंगावर जणू अदृश्य घोंगडी असते. समोर गोठलेल्या सरोवरात बर्फ कापून चौकोनी डोह केला होता. त्याला ‘अवान्तो’ म्हणतात. म्हातारबुवा शिडी धरून गळ्यापर्यंत त्यात उतरले, तुळशीला पाणी घालून यावे तितक्या शांतपणे वर आले. मुलगाही उतरला. मला मात्र मेहकरच्या डॉक्टरांनी ताकीद दिली होती. उन्हातून एकदम गारठ्यात गेले की रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब एकाएकी चढतो. हृदयविकार असलेल्यांनी तो प्रयोग करू नये. मी दोन मुठी बर्फ दंडांना आणि छातीला चोळला आणि तेवढ्यावर समाधान मानले. त्या क्षणी वय सत्तरावरून सातावर आले!

आरोग्याचे म्हणाल तर फिनलंडच्या कुओपिओ भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारे वीस वर्षे नोंद ठेवून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा साउना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण कमी आढळले. अर्थात ज्याला आठवड्यातून चार वेळा निवांत बसायला सवड मिळते, त्याचे बाकीचेही बरे चाललेले असणार, हे विसरू नये. आणि अति तिथे माती. हेइनोला गावी उष्णता सोसण्याच्या जागतिक स्पर्धा भरत. २०१० साली अंतिम फेरीतला एक स्पर्धक मरण पावला आणि स्पर्धा कायमच्या बंद झाल्या. साउना ही चढाओढीची जागाच नव्हे.

ती कशाची जागा आहे, ते दुसऱ्या फेरीत कळले.

पुन्हा आत बसलो तेव्हा म्हातारबुवा आपण होऊन बोलू लागले. मुलगा मराठीत सांगत होता. त्यांचा जन्म साउनातच झाला होता. पूर्वी खेड्यात बाळंतपणे साउनातच होत. घरातली ती सर्वांत स्वच्छ, उबदार जागा, आणि ऊन पाणी हाताशी. त्यांच्या आजीला शेवटची अंघोळ घातली तीही साउनातच. “माणूस साउनात येतो आणि साउनातून जातो,” असे काहीसे ते म्हणाले.

मला माझी आई आठवली. बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, न्हाणीत कढत पाणी आणि बाळंतिणीच्या अंगाला तेल चोळणारी सुईण. आमच्याकडे तरी दुसरे काय होते? आणि नरकचतुर्दशीची पहाट! चार वाजता आमची ही उठून तांब्याचा बंब पेटवायची. मधल्या नळकांड्यात पऱ्हाट्या आणि गोवरीचा तुकडा, भोवती पाणी, खाली निखारे. मुलाला तेल-उटणे लावून ऊन पाणी घालताना दारात फुलबाजी पेटवायची. पुढे आम्ही लोणारला जायचो. तिथल्या गोमुखाच्या धारेखाली हा पोरगा भर थंडीत नाचायचा. जमिनीच्या पोटातून येणारे पाणी बारा महिने सारख्याच उबेचे, म्हणून थंडीत ते कोमट लागते, हे मी त्याला तिथेच शिकवले होते. आणि त्याची आई काठावर टॉवेल घेऊन “पुरे रे, पुरे!” म्हणत उभी असायची.

म्हातारबुवा उठून बाहेर गेले. आम्ही दोघेच उरलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अंधारातून प्रश्न आला.

“बाबा, आईला शेवटची अंघोळ कोणी घातली?”

तो हाच विषय. ती गेली २०२० च्या एप्रिलात. टाळेबंदी; परदेशची विमाने मार्चअखेरीसच बंद झालेली. मुलगा इथे, आणि ती तिथे रात्री झोपेतच गेली. चार माणसांत सगळे उरकले. नंतर त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

“मी आणि शेजारच्या काकूंनी,” मी म्हटले. “पाणी मी तापवले. बंब पेटवला. तिला गार पाणी सोसत नसे ना.”

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला वाटायचे तुम्ही रागावला आहात. मी आलो नाही म्हणून.”

“विमाने बंद होती. तू काय उडत येणार होतास?”

“आदल्या दिवाळीला येता आले असते, बाबा. सुट्टी होती. कंटाळा केला.”

याला मी काय उत्तर देणार? ‘असू दे’ म्हणणे सोपे होते. पण ते खरे झाले नसते. त्या दिवाळीला ती रोज वाट पाहत होती. मी डाव उचलला आणि दगडांवर पाणी टाकले. वाफ आली, दोघांच्याही तोंडावरून गेली. घाम कुठला नि डोळ्यांतले पाणी कुठले, हे ओळखायची सोय उरली नाही.

“मीही तुला एक खोटे सांगितले आहे,” मी म्हटले. “बंब भंगारात घातला तो गिझर बसवला म्हणून नाही. त्या दिवसानंतर तो मला पेटवता येईना. तू फोनवर रागावलास, आजीच्या वेळचा बंब, विचारले तरी का नाही म्हणून. मी गप्प बसलो.”

“मला काय ठाऊक!” तो म्हणाला, आणि त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग पुष्कळ बोललो. ती त्या रात्री काय जेवली, काय बोलली, सगळे त्याने विचारून घेतले. त्याने मला हेही सांगितले की तो आता तिथेच राहणार. नातीची शाळा, घर, सगळे तिथले झाले. हे बाहेरच्या उजेडात ऐकले असते तर मी वाद घातला असता. मेहकरचे घर, शेत, सगळे काढले असते. पण त्या जागेत भांडायचे नसते, असे नातीने बजावले होते. उघड्या अंगाने, अंधारात, एका बाकावर बसलेल्या बापलेकांपैकी कोण मोठा नि कोण धाकटा, हे तसेही दिसत नव्हते. “बरे,” मी म्हटले. “पण दिवाळीला यायचे.”

दारात सूनबाई गरम चहा घेऊन उभी होती. आमच्याकडे पाहून तिने काही विचारले नाही. शहाणी आहे.

परत आल्यावर मी एकदा खामगावला गेलो आणि भांड्यांच्या दुकानात तांब्याचा बंब मागितला. दुकानदार म्हणाला, “मास्तर, शोभेला ठेवायचा का? हॉटेलवाले नेतात कोपऱ्यात ठेवायला.” मी म्हटले, “नाही. पेटवायचा आहे.” त्याने माळ्यावरून एक जुना काढून दिला. कल्हई, तोटी, सगळे ठाकठीक करून घेतले. गिझर आहे, तो रोजच्यासाठी राहू दे. त्याच्याशी माझे वैर नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मेहकरला आमच्या आंगणात पऱ्हाट्या रचलेल्या असतील. मंडळींची तिकिटे निघाली आहेत. नात फोनवर विचारत होती, “आजोबा, बंब म्हणजे आपला किउआस का?” मी म्हटले, “हो, तसाच. त्याच्याजवळ भांडायचे नाही.” नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठून तो मीच पेटवणार आहे. जमेल असे वाटते. नाहीच जमले तर काडी ओढायला मुलगा असेल.